जपानचे गाइडबुक: कोणते घ्यावे, कसे वापरावे?

परदेशप्रवासाच्या तयारीविषयी आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून अधिक पत्रे या वेळी जपानविषयी आहेत आणि त्यांतली बरीचशी फिरून फिरून एकाच गोष्टीपाशी येतात: गाइडबुक घ्यावे की नाही, घ्यायचे तर कोणते, आणि घेतल्यावर त्याचे करायचे काय. म्हणून हे सदर यंदा त्याच प्रश्नांना दिले आहे. पत्रे संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न: आम्ही दोघे निवृत्त शिक्षक एप्रिलमध्ये ओसाकाला मुलीकडे जाणार आहोत. पुण्यात अप्पा बळवंत चौकात जुन्या पुस्तकांच्या दुकानात जपानचे 2017 सालचे इंग्रजी गाइडबुक दीडशे रुपयांत मिळाले. नव्या आवृत्तीची किंमत ऐकून घेण्याचे धाडस झाले नाही. हे जुने चालेल का? (एक वाचक, सांगली)

अर्धे चालेल. कोणते अर्धे, हे ओळखता आले तर दीडशे रुपये उत्तम कारणी लागले असे समजा.

देवळांचा इतिहास, शहरांची ठेवण, ऋतू, स्नानगृहातले आणि जेवणाच्या ताटावरचे रीतिरिवाज यांतले काहीच आठ-दहा वर्षांत शिळे होत नाही. शिळे होतात ते आकडे आणि त्या आकड्यांवर उभे असलेले सल्ले. आकडा जुना आहे हे कोणाच्याही लक्षात येते, पण त्यावर बेतलेला सल्ला जुना झाला आहे हे पटकन ध्यानात येत नाही, आणि खरा घोटाळा तिथेच होतो. रेल्वेच्या पासाचेच उदाहरण घ्या. त्या काळातल्या बहुतेक पुस्तकांत असे लिहिलेले आढळेल की परदेशी पर्यटकाने सात दिवसांचा देशव्यापी जपान रेल पास डोळे मिटून घ्यावा, कारण टोकियो ते क्योटो जाऊन-येऊनच त्याचे पैसे जवळजवळ वसूल होतात. तेव्हा ते खरे होते. ऑक्टोबर 2023 मध्ये हाच पास 29,650 येनांवरून एकदम 50,000 येनांवर गेला. टोकियो-क्योटो एकेरी भाडे साधारण 14,000 येन धरले तर जाऊन-येऊन 28,000 होतात, म्हणजे पास घेणारा बावीस हजार येनांना बुडतो. हिरोशिमापर्यंत जाऊन टोकियोला परतलात तरी पासाची किंमत भरून निघत नाही. तुमचा मुक्काम तर ओसाकालाच आहे. तिथून क्योटो, नारा आणि कोबे ही तिन्ही गावे साध्या लोकलने तासाभराच्या आत गाठता येतात, तेव्हा या पासाचे प्रकरण तुम्ही सरळ ओलांडून पुढे जावे.

क्योटोच्या प्रकरणात एक दिवसाच्या बसपासची शिफारस हमखास सापडेल. तो बसपास आता मिळत नाही, कारण शहराने 2023 च्या सप्टेंबरअखेर त्याची विक्री थांबवली. भुयारी रेल्वे आणि बस यांचा एकत्रित पास 1,100 येनांना मिळतो. टोकियोच्या प्रकरणात पहाटे उठून त्सुकिजी बाजारात माशांचा लिलाव पाहा असे म्हटले असेल, तर तो घाऊक बाजार ऑक्टोबर 2018 मध्ये तोयोसूला हलला आणि त्सुकिजीला आता बाहेरची किरकोळ दुकाने तेवढी उरली आहेत. ओकिनावातल्या शुरी किल्ल्याचे छायाचित्र असेल, तर त्यातला मुख्य प्रासाद 31 ऑक्टोबर 2019 च्या आगीत जळाला. दुकानात कोणतीही आवृत्ती हातात आली की या चार ठिकाणी बोट ठेवून पाहावे. पुस्तक कोणत्या काळात लिहिले गेले ते पाच मिनिटांत कळते. शीर्षकपानामागच्या पानावर छापलेले साल पुरेसे नसते, कारण लेखक प्रत्यक्ष फिरून येतात त्यानंतर पुस्तक बाजारात यायला सहज वर्ष जाते. शिवाय महासाथीमुळे जपान सर्वसाधारण पर्यटकांसाठी ऑक्टोबर 2022 पर्यंत बंदच होता, त्यामुळे 2020 ते 2022 या सालांच्या आवृत्त्या दिसायला नव्या असल्या तरी त्यांतली माहिती बहुधा त्याआधीची असते.

तुमच्या पुस्तकात नसणारी आणखी एक बाब आधीच सांगून ठेवतो. टोकियो-ओसाका मार्गावरच्या शिन्कान्सेनमध्ये, म्हणजे बुलेट ट्रेनमध्ये, लांबी, रुंदी आणि उंची मिळून 160 सेंटिमीटरांपेक्षा मोठी बॅग न्यायची असेल, तर 2020 च्या मे महिन्यापासून त्यासाठी विशिष्ट आसन आधी आरक्षित करावे लागते. लेकीकडे जाताना आपल्या बॅगांचा आकार काय होतो ते मला ठाऊक आहे. आणि एप्रिल महिना असला तरी हापूसची पेटी घरीच ठेवा. ताजी फळे वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्राशिवाय जपानमध्ये नेता येत नाहीत. लाडू-चिवड्याला हरकत नाही.

मुलगी तिथलीच असल्यामुळे भाडी आणि वेळा तिला विचारता येतील, म्हणून तुम्हाला नवे पुस्तक घेण्याची गरज नाही. तुम्ही दोघेच स्वतंत्रपणे फिरणार असता तर मी वेगळे सांगितले असते.

प्रश्न: दुकानात एकाच देशावर तीन-चार प्रकाशकांची पुस्तके असतात. मुखपृष्ठे सगळ्यांचीच आकर्षक आणि पाठीमागची स्तुतीही सारखीच. निवड कशाच्या आधारावर करायची? (एक वाचक, नाशिक)

माझी एक जुनी युक्ती आहे. जपानचे पुस्तक उघडण्याआधी त्याच प्रकाशकाचे भारतावरचे पुस्तक शेल्फवरून काढावे आणि त्यातले नाशिक वाचावे. गोदाघाट, पंचवटी, पांडवलेणी यांच्याविषयी त्याने काय लिहिले आहे, त्र्यंबकेश्वरला जायची एसटी कुठून सुटते ते नीट सांगितले आहे का, काळ्या रामाच्या मंदिराबद्दल लिहिताना 1930 च्या सत्याग्रहाची त्याला आठवण आहे की नुसते काळ्या दगडाचे कौतुक करून तो पुढे गेला आहे, हे तुम्हाला दुसऱ्या कोणाला विचारावे लागत नाही. ज्या गावातली गल्लीन्‌गल्ली आपल्याला माहीत आहे त्या गावाबद्दल जो प्रकाशक अळमटळम करतो, तो न पाहिलेल्या गावाबद्दलही तेच करत असणार. एकाच प्रकाशकाचे दोन देशांवरचे लेखक वेगळे असतात हे खरे. पण संपादनाची शिस्त एकच असते.

ढोबळ मानाने सांगायचे तर डीकेच्या पुस्तकांत चित्रे, छायाचित्रे आणि इमारतींचे आतून उलगडून दाखवलेले आराखडे यांची रेलचेल असते, रफ गाइड्स इतिहास आणि पार्श्वभूमी यांना जास्त जागा देतात, तर लोन्ली प्लॅनेटची ख्याती पोहोचायचे कसे आणि राहायचे कुठे या व्यवहाराच्या माहितीवर उभी राहिली. ही ख्याती प्रत्येक आवृत्तीत टिकतेच असे नाही. अलीकडे चित्रे वाढवून मजकूर कमी करण्याकडे सगळ्यांचाच कल दिसतो, तेव्हा नावावर न जाता हातातली प्रत चाळावी.

जपानच्या बाबतीत एक गोष्ट मी अजिबात सोडत नाही. ठिकाणांची नावे रोमन अक्षरांबरोबर जपानी लिपीतही छापलेली असली पाहिजेत. टॅक्सीचालकाला किंवा रस्त्यावरच्या आजोबांना आपला उच्चार कळत नाही, पण छापलेल्या नावावर बोट ठेवले की लगेच कळते. उलट अडचणही असते. टोकियोतले निहोनबाशी आणि ओसाकातले निप्पोनबाशी ही नावे लिहिताना अक्षरे तीच वापरतात, वाचताना मात्र दोन्हीकडे वेगळी. अशा जागी पुस्तक दोन्ही रूपे देत असेल तर ते लिहिणारा माणूस तिथे खरोखर चुकून आला आहे असे मी समजतो. त्याला पूर्ण गुण द्यावेत.

प्रश्न: आम्ही जैन आहोत. गाइडबुकांत ‘शाकाहारी पर्यटकांसाठी’ असा अर्धा रकाना असतो, त्यावर विसंबावे का? (एक वाचक, इचलकरंजी)

त्या अर्ध्या रकान्यावरून पुस्तकाची पारख मात्र होते. सूचीत ‘दाशी’ हा शब्द शोधा. दाशी म्हणजे जपानी स्वयंपाकाचा पाया असलेले पाणी, आपल्याकडे आमटीला कटाचे पाणी असते तसे. आणि ते बहुतेक वेळा वाळवलेल्या बोनितो माशाच्या कीसापासून करतात. मिसो सूप, उदोन नावाच्या जाड शेवयांचा रस्सा, तेम्पुरा म्हणजे तिथल्या भज्यांबरोबरची पातळ चटणी, वरून पांढरेशुभ्र दिसणारे तळलेले तोफूसुद्धा, या सगळ्यांत ते असते. एखादे पुस्तक ‘शाकाहाऱ्यांनी तोफू आणि भाज्यांचा तेम्पुरा मागवावा’ एवढेच सांगून थांबत असेल, तर त्याच्या लेखकाने शाकाहारी माणसाबरोबर जेवण केलेले नाही हे नक्की. ते पुस्तक खाली ठेवावे.

वाढणाऱ्या व्यक्तीला फसवायचे नसते, हे इथे सांगितले पाहिजे. आपण ‘व्हेजिटेरियन’ म्हटले की तिला दिसणारे मांस काढून टाकायचे एवढाच अर्थ लागतो. पाण्यात मासा आहे हे तिच्या दृष्टीने मोजण्यासारखे नसते, जसे आपल्याकडे फोडणीतल्या हिंगाला कोणी पदार्थ म्हणून मोजत नाही. म्हणून पुस्तकाच्या शेवटी असलेल्या भाषेच्या पानांत ‘निकु तो साकाना वा ताबेमासेन’ म्हणजे ‘मांस आणि मासे खात नाही’ हे वाक्य असणे पुरेसे नाही. त्यापुढे ‘कात्सुओ-दाशी मो दामे देसु’, म्हणजे ‘बोनितोची दाशीही चालत नाही’, हे हवे. पुस्तकात नसेल तर आधीच कोणाकडून तरी जपानी लिपीत लिहून घ्या, एका पुठ्ठ्यावर चिकटवा आणि तो पुठ्ठा दुकानात शिरतानाच दाखवा, ताट समोर आल्यावर नव्हे.

सूचीत दुसरा शब्द शोधा ‘शोजिन र्योरी’. हे बौद्ध मठांतले अन्न. त्यात मांस-मासे नसतात, दाशी कोन्बू या समुद्री वनस्पतीची किंवा वाळवलेल्या शिताके अळंबीची असते आणि परंपरेने कांदा-लसूणही वर्ज्य असतो. ते वाचून जैन वाचकांना हायसे वाटते, पण कंदमुळे तिथे वर्ज्य नाहीत. मुळा, कमळाचा कंद आणि गोबो नावाचे लांब मूळ ताटात येणारच, अळंबीही येणार. तुम्ही कंदमुळे आणि अळंबी किती काटेकोरपणे टाळता ते तुमचे तुम्ही ठरवा आणि नोंदणी करतानाच मठाला कळवा. हे अन्न मुक्कामासकट अनुभवायचे तर कोयासान गाठावे. कूकाई या आचार्यांना 816 मध्ये हा डोंगर मठासाठी मिळाला. आज तिथल्या मंदिरांपैकी सुमारे पन्नास मंदिरे यात्रेकरूंना उतरवून घेतात. ओसाकाच्या नाम्बा स्थानकावरून नानकाई रेल्वेने गोकुराकुबाशीपर्यंत आणि पुढे दोरावरच्या चढत्या गाडीने जायचे. संध्याकाळचे जेवण साडेपाच-सहालाच मांडतात, जे आपल्यापैकी चौविहार, म्हणजे सूर्यास्तानंतर काही न खाण्याचे व्रत, पाळणाऱ्यांना सोयीचेच आहे. तिळाचे तोफू आणि कोयादोफू नावाचे गोठवून वाळवलेले तोफू यांची चव मी अजून विसरलेलो नाही.

रोजच्या जेवणासाठी मोठ्या शहरांत भारतीय खानावळी आहेत, त्यांतल्या पुष्कळशा नेपाळी मंडळी चालवतात. टोकियोच्या एदोगावा प्रभागातल्या निशि-कासाई भागात तर भारतीयांची मोठी वस्ती आणि किराणा दुकाने आहेत. 2019 मध्ये त्या प्रभागाच्या सभेवर निवडून गेलेले योगेंद्र पुराणिक मूळचे महाराष्ट्रातलेच. डाळ-तांदूळ तिथे मिळतात.

प्रश्न: मुलगा म्हणतो, फोनमध्ये नकाशा, भाषांतर, गाड्यांच्या वेळा सगळे आहे, मग किलोभर वजनाचे पुस्तक कशाला? त्याला काय सांगू? (एक वाचक, ठाणे)

गाड्यांच्या बाबतीत त्याचे बरोबर आहे हे आधी मान्य करा. कोणत्या फलाटावरून कितीला, कुठे बदलायचे, भाडे किती, हे फोनइतके अचूक कोणतेही पुस्तक सांगू शकत नाही, आणि पुस्तकातली वेळापत्रके मी वर्षानुवर्षे उघडलेली नाहीत.

मग त्याला एक काम द्या. क्योटोचा एक दिवस फोनवर आखायला सांगा. बहुतेक जण करतात तसे तोही किन्काकुजी आणि गिन्काकुजी एका सकाळीत बसवील, कारण नावे जुळ्या भावांसारखी आहेत, एक सोन्याचे आणि दुसरे रुप्याचे. आता पुस्तकातला क्योटोचा पूर्ण पानभर नकाशा उघडून त्याच्यापुढे ठेवा. सोनेरी देऊळ वायव्येला आहे आणि रुपेरी ईशान्येला. मधले सगळे शहर बसने ओलांडावे लागते. त्याच नकाशावर पूर्वेच्या डोंगरांच्या पायथ्याशी दक्षिणेकडून उत्तरेकडे कियोमिझुदेरा, यासाका, चिओनइन, नान्झेनजी आणि शेवटी गिन्काकुजी अशी ओळ लागलेली दिसते. ती ओळ चालत जायची आहे, नान्झेनजीच्या पुढे तर कालव्याकाठची सुमारे दोन किलोमीटरांची पायवाटच आहे. फोनच्या पडद्यावर एका वेळी दोन गल्ल्या दिसतात, त्यामुळे ही ओळ कधी नजरेत भरत नाही.

असेच स्थानकांचे. शिन्कान्सेन ओसाका स्थानकात जातच नाही. ती शिन-ओसाकाला थांबते. ‘शिन’ म्हणजे नवे, आपल्याकडे जुन्या गावापासून लांब बांधलेल्या स्थानकाला ‘रोड’ लावायची पद्धत आहे तसेच काहीसे. हॉटेल ओसाका स्थानकाजवळ घेतले की एक लोकल बदलावी लागते. क्योटो स्थानकात शिन्कान्सेन दक्षिणेच्या हाचिजो बाजूला लागते आणि शहराच्या बहुतेक बस उत्तरेच्या बाजूने सुटतात, म्हणजे बॅगा ओढत आख्खे स्थानक पार करणे आले. पुस्तकात हे दोन ओळींत लिहिलेले असते. फोन ते वेळेवर सांगतो, पण ‘वेळेवर’ म्हणजे तुम्ही चुकीच्या दाराशी उभे असताना.

आणि त्याला एवढे विचारा, की 29 एप्रिलपासून मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यापर्यंत जपानमध्ये सुट्ट्यांची माळ लागते आणि निम्मा देश प्रवासाला निघतो हे फोनने त्याला आपणहून सांगितले का. पुस्तकाच्या पहिल्या वीस पानांत ते असते. ठाण्याहून तिकिटे काढण्याआधी ते कळलेले बरे.

प्रश्न: आम्ही नामांकित सहल-कंपनीबरोबर जाणार आहोत, स्वयंपाकाला महाराजही बरोबर आहे. तरी पुस्तक लागेल का? (एक वाचक, डोंबिवली)

मोठे पुस्तक घेऊ नका. कार्यक्रमपत्रिकेत ‘वेळ आपला’ असे लिहिलेल्या दुपारी कोणत्या शहरात येतात ते पाहा आणि त्या शहरापुरती छोटी पुस्तिका घ्या. बाकीच्या वेळी बस नेईल तिकडे जायचे आहे आणि त्यात कमीपणा काही नाही.

प्रश्न: जाड पुस्तक बरोबर नेण्याची आणि वाचण्याची तुमची पद्धत काय? मी दरवेळी नेतो आणि न उघडता परत आणतो. (एक वाचक, पणजी)

देशाचे पुस्तक आठ-नऊशे पानांचे असते आणि आपण त्यातल्या दोन-तीन प्रांतांत फिरणार असतो, म्हणून परदेशी प्रवासी सरळ हवी ती प्रकरणे फाडून नेतात. पुस्तकाला पाय लागला तर नमस्कार करणारी आपण माणसे, आपल्याने ते होत नाही. माझ्यानेही झाले नाही. मी ते बाइंडरकडे नेले. त्याने कणा उसवून क्योटो-ओसाका-नारा, टोकियो, आणि भाषा-रीतिरिवाज असे तीन भाग वेगळे शिवून दिले आणि उरलेले पुठ्ठ्यात बांधून घरी ठेवायला दिले. तासाभराचे काम होते आणि पैसेही मामुली लागले. आता खिशात मावणारी साठ-सत्तर पाने असतात, त्यामुळे ती उघडलीही जातात.

वाचण्याचे म्हणाल तर निघण्याआधी महिनाभर रोज थोडे, हातात पेन्सिल घेऊन. प्रत्येक ठिकाणापुढे तारका असतात त्यांच्या मागे लागू नये. त्या तारकांमुळेच तिथे गर्दी झालेली असते. क्योटोतल्या फुशिमी इनारी देवळाच्या लाल तोरणांच्या पायथ्याशी छायाचित्रासाठी रांग लागते आणि निम्मा डोंगर चढून योत्सुत्सुजीच्या चौकापुढे गेले की वाट बरीच मोकळी होते. चांगले पुस्तक हे तारकेखालच्या मजकुरात सांगते. मजकूर वाचायचा, तारका मोजायच्या नाहीत.

बारीक टाइपातला मजकूर तर जरूर वाचायचा, हे मी स्वतः शिकलो आहे. ऑक्टोबर महिना होता. सोमवारी सगळी संग्रहालये बंद असतात हे पुस्तकात वाचले होते, म्हणून मोठ्या शहाणपणाने मी क्योटोतल्या एका संग्रहालयासाठी मंगळवार राखून ठेवला आणि सकाळी साडेनऊला त्याच्या बंद दारापुढे जाऊन उभा राहिलो. झाडलोट करणाऱ्या बाईंनी कमरेत वाकून क्षमा मागितली आणि दारावरच्या पाटीकडे हात केला. पाटी जपानीत होती. जपानमध्ये बऱ्याच राष्ट्रीय सुट्ट्या मुद्दाम सोमवारी घेतल्या आहेत. ऑक्टोबरचा दुसरा सोमवार हा क्रीडादिन. सोमवारी सुट्टी आली की संग्रहालय त्या दिवशी लोकांसाठी उघडे ठेवतात आणि बदल्यात मंगळवारी बंद करतात. समोरच्या बाकावर बसून मी शिवलेली पाने काढली. वेळांच्या शेवटी कंसात, मुंगीएवढ्या अक्षरांत, ते लिहिलेले होते, आणि त्याच्या वरच्या ओळीखाली पेन्सिलीची माझीच रेघ होती.